छोटी, छोटी, लांब

घशाच्या डॉक्टरांनी मोठ्या आत्याला पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने चेहरा होईल तितका दुःखी केला. दादाला ते फारसं जमलं नाही. तो मागच्या अंगणात गेला आणि जरा वेळाने ताजातवाना होऊन परत आला.

पण डॉक्टरांनी बंदी घातली होती ती बोलण्यावर. फुंकण्यावर नाही. दुसऱ्या दिवशी आत्या जेवायला आली ती गळ्यात शिट्टी अडकवून. दादा पोळीचा तुकडा तोंडात घालून कारखान्याच्या भवितव्यावर बोलू लागला, तोच एक छोटी शिट्टी खणकन वाजली. दादा गप्प झाला. अगदी लहानपणी व्हायचा तसा.

ज्या घरात तीन पिढ्या शिट्ट्या बनत आल्या, तिथे शिट्टीची भाषा कोणाला शिकवावी लागत नाही, असं बाहेरच्यांना वाटायचं. खरं तर ती आत्यानेच घडवली होती आणि घसा फोडून शिकवली होती. कारखान्याची पुढची खोली होती बोलणी करायला. तिच्या मागची शिट्ट्या तपासायला. कोणाचं दुकान, कोणाचा छोटा कारखाना विकत घ्यायचा असला की त्या माणसाला पुढे बसवून चहा द्यायचा आणि घरातलं कोणीतरी बोलायला बसायचं. आत्या मागे राहून बोलणाऱ्याचा लगाम धरायची. एक छोटी शिट्टी म्हणजे गप्प बस, आता त्याला बोलू दे. दोन छोट्या म्हणजे त्याला काहीतरी विचार. एक लांबलचक म्हणजे उठा, बोलणी फिसकटल्यासारखं दाखवा. आणि छोटी, छोटी, लांब म्हणजे पुरे झालं नाटक, परत फिरा. समोरच्याला संशय यायचं कारणच नव्हतं. शिट्ट्यांच्या कारखान्यात शिट्टी वाजली तर मान वर करून कोण बघणार? पत्रा दाबायचं यंत्रघर, खोक्यांचं दुकान आणि गळ्यात अडकवायच्या दोऱ्या विणणाऱ्या बहिणींचा कारखाना, तिन्ही आत्याने असेच घरात आणले होते.

राहिला होता फक्त भिंतीपलीकडचा बुचकाका.

शिट्टीच्या पोटात बुचाची एक गोळी असते. आपण फुंकलं की ती आत नाचते, आणि तिच्या नाचण्यामुळेच आवाज खणखणतो. गोळी नसेल तर आवाज येतो, पण पडलेल्या दातांतून वारा यावा तसा. त्या गोळ्या बुचकाका बनवायचा. त्याचा एकखोली कारखाना आणि यांचा कारखाना, मध्ये एकच भिंत. आणि आज चहाच्या वेळेला मोठ्या कंपनीचे साहेब बुचकाकाकडे यायचे होते, त्याचा कारखाना विकत घ्यायला. कंपनीला गोळ्या नको होत्या. तिच्या प्लास्टिकच्या शिट्ट्यांना गोळी लागतच नाही. तिला हवी होती फक्त जागा आणि शेजारच्या कारखान्याची कोंडी.

"आज बुचकाका आपल्याला हो म्हणाला नाही," दादाने आत्याचा डोळा चुकवून आपल्या बहिणीला, धाकटीला सांगितलं, "तर उद्या मी साहेबांना आपल्याही कारखान्याचा होकार देऊन टाकणार. गोळीच नाही तर शिट्टी कसली? तुझं तपासणीचं टेबल तुला घेऊन जा हवं तर. बोलणी तू कर. आत्याने तुलाच नेमलंय. फक्त एक विनंती आहे. बोलू नकोस."

"बोलणी करू आणि बोलू नको?"

"कळलं ना?"

कळलं होतं. धाकटीचा दोष सगळ्या घराला पाठ होता. समोरचं माणूस क्षणभर थांबलं की तिला वाटायचं ते अडचणीत आहे, आणि ते अडचणीत राहू नये म्हणून ती बोलू लागायची. मागच्या वर्षी खोक्यांच्या पुठ्ठ्यासाठी गेली आणि पुठ्ठेवाला विचार करायला थांबला, तर हिने त्याच्या वतीने भाव वाढवून दिला. तरी तपासणीच्या त्या खिडकीजवळच्या टेबलाशी ती शाळेतून सुटल्यावर येऊन बसायची तेव्हापासून बसत होती. हजारो शिट्ट्या तिच्या ओठांवरून गेल्या होत्या. ते टेबल उद्या तिथून हलणार होतं.

सकाळभर सराव झाला. बुचकाका दादा झाला.

"काका, तुमच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे," धाकटीने सुरुवात केली.

"मला नाही," दादा म्हणाला.

"अहो, तुम्ही बुचकाका आहात," वहिनी म्हणाली.

"बुचकाका असाच खडूस आहे."

"खडूस तुम्ही आहात. तो नुसता एकटा आहे."

दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या. धाकटीला काहीतरी विचारायचं होतं. "काका, मग... कसं काय?" असं ती म्हणाली, आणि आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

प्रत्येकाला काम वाटून दिलेलं होतं. धाकटीने बोलायचं. दादाने अधूनमधून नाही म्हणायचं, म्हणजे घर एकमताचं नाही असं वाटून समोरचा घाई करतो. वहिनीने दिसेल त्याचं कौतुक करायचं. आणि होयबा काकांनी मान डोलवायची. होयबा काका हे आत्याचे धाकटे भाऊ. एके काळी बोलणी तेच करायचे, पण एकदा कुठलीशी बोलणी करून आल्यावर ते मुके व्हावेत तसे झाले आणि सगळ्यांनाच मानेने हो म्हणू लागले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर ते मान डोलवायचे.

बुचकाकाने अट घातली होती की बोलणी त्याच्याच कारखान्यात होतील. म्हणून आत्या भिंतीच्या अलीकडे, माल भरायच्या खोलीत, त्या भिंतीतल्याच झरोक्याखाली स्टूल टाकून बसली. तपासणी बंद ठेवायचा हुकूम सुटला, म्हणजे तिची शिट्टी दुसऱ्या शिट्टीत मिसळायला नको.

*

बुचकाकाचा कारखाना बुचाच्या भुशाने मऊ झाला होता. फळ्यांवर, यंत्रावर, त्याच्या भुवयांवर तांबूस पावडर. खिडकीशी एक ठेंगणं स्टूल, त्याच्यापुढे लाकडी खाचांची फळी आणि खाचांमधून मटारासारख्या ओळीने बसलेल्या गोळ्या. त्याने पाहुण्यांसाठी चार खोकी उलटी घातली होती.

"बसा. खुर्च्या नाहीत. चहा आहे."

"किती छान खोकी आहेत!" वहिनी म्हणाली.

"तुमचीच आहेत. तुम्ही माल नेऊन रिकामी टाकता."

"तरी पण."

दादाने बसल्या बसल्या "नाही" म्हणून टाकलं. अजून कोणी काही विचारलं नव्हतं. बुचकाकाने त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि कप पुढे केला.

धाकटीने पाठ केलेलं सगळं म्हटलं. आदर म्हटला, दोन घरांचं शेजार म्हटलं, कंपनी देईल तितकंच आम्हीही देऊ हे म्हटलं. मग तिने ठरल्याप्रमाणे विचारलं, "तर काय म्हणता, काका?"

झरोक्यातून एक छोटी शिट्टी आली. गप्प.

धाकटी गप्प बसली. या डावाचा नियम आत्याने तिला शंभरदा सांगितला होता. प्रश्न विचारल्यावर जो आधी बोलतो तो पडतं घेतो. धाकटीने जीभ दातांखाली धरली.

बुचकाकाही गप्प बसला.

असा बराच वेळ गेला. चहावर साय धरली. बुचाचा भुसा उन्हाच्या पट्ट्यातून हळूहळू खाली उतरत होता आणि धाकटी त्यातला एकेक कण पाहत होती. तिच्या मनात वाक्यं दाटीने उभी होती. काका, तुम्हाला बरं नाही का? काका, घाई नाही हं. काका, हवं तर आम्ही नंतर येतो, हवं तर आम्ही येतच नाही. वहिनीचा संयम आधी सुटला.

"ती बादली किती सुरेख आहे," ती म्हणाली.

"गळकी आहे."

होयबा काका समोर पाहत संथपणे मान डोलवू लागले, कशाला ते देव जाणे.

"हे हो म्हणतायत," बुचकाका म्हणाला. "मी कंपनीला विकू का, असं माझ्या मनात चाललं होतं. तर हे हो म्हणतायत."

"काका, मान थांबवा!" दादा कुजबुजला. काकांनी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात झरोक्यातून दोन छोट्या शिट्ट्या आल्या, जरा घाईच्या. धाकटीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी बुचकाकानेच झरोक्याकडे तोंड केलं आणि शांतपणे म्हणाला, "अहो बाई, विचारू दे की तिला सावकाश. आत्ताच तर गप्प बसवलीत."

झरोक्यापलीकडून स्टूल कुरकुरल्याचा आवाज आला.

"तुम्हाला..." धाकटी त्याच्याकडे वळली. "तुम्हाला शिट्ट्या कळतात?"

"बाळ, तुझी आत्या चाळीस वर्षं या भिंतीला पाठ लावून तुम्हा सगळ्यांना शिकवत आली. तिचा आवाज कसा, हे मी सांगायला नको. लोक भिंतीला कान लावतात. मला तो कधी लावावाच लागला नाही, तिच्या आवाजापुढे भिंतच कमी पडायची. तुझा दादा लहानपणी दोन छोट्या आणि एका लांब शिट्टीत गोंधळायचा. मी इथून मनात म्हणायचो, अरे गाढवा, विचार, उठू नकोस."

"मी गोंधळायचो नाही," दादा म्हणाला. त्याच्या वाट्याचं पहिलं खरंखुरं 'नाही' ते हेच.

आत्या घाबरली की लांब शिट्टी देते. तिने आत्ताही दिली. आणि काय सांगावं, सगळं गुपित फुटलेलं असूनही, ती वाजताच चौघंही खोक्यांवरून उठले, हात जोडले आणि चेहऱ्यावर बोलणी फिसकटल्याचं दुःख आणलं. सवय वाईट.

"बसा," बुचकाका म्हणाला. "ही निघायची शिट्टी. खरं निघायचं नसतं हिच्यात."

बसले.

"आता तुम्ही आलाच आहात तर सांगतो," तो चहावरची साय बोटाने बाजूला करत म्हणाला. "कंपनीच्या साहेबाच्या मागे शिट्टी नाही, पण गोड बोलतो. म्हणाला, आधी तुमची भिंत पाडू, मग शेजारच्यांचा कारखाना, मग त्यांच्या वरच्या खोल्या. सगळं एकसलग गोदाम."

"वरच्या खोल्या?" वहिनीने विचारलं.

दादा बुचाच्या गोळ्या निरखू लागला.

"अहो, मी विचारतेय. वरच्या खोल्या म्हणजे आपल्या खोल्या? ज्यांच्यात मी राहते?"

"त्यावर अजून चर्चा व्हायची आहे."

"कोणाशी? माझ्याशी?"

"नाही," दादा म्हणाला, आणि त्याचं काम नाही म्हणायचंच असलं तरी हे 'नाही' म्हणायला नको होतं, हे त्याला म्हणता म्हणताच कळलं.

वहिनी आपलं खोकं उचलून घेऊन धाकटीच्या शेजारी आणून बसली. मग तिने दादाच्या हातातला कप काढून घेतला. "त्यांना चहा नको आहे," ती बुचकाकाला म्हणाली.

पारडं असं एका खोक्याने फिरलं, पण बुचकाकाचं मन कुठे होतं ते कोणालाच कळत नव्हतं. धाकटीने झरोक्याकडे पाहिलं. शिट्टी आली नाही. आत्याला बहुधा सुचत नव्हतं. तेव्हा धाकटीने, न शिकवलेलं, जे खरंच तिच्या मनात होतं ते विचारलं.

"काका, विकल्यावर तुम्ही सकाळी उठून कुठे जाणार?"

बुचकाका गप्प झाला. ही शांतता आधीसारखी नव्हती. धाकटीला ती भरून काढावीशी वाटली नाही.

"कुठे जाणार?" तो शेवटी म्हणाला. "मला हे स्टूल सोडून कुठे बसता येत नाही. साहेबाने हे विचारलं नाही. तुम्ही लोकांनीही नाही विचारलं कधी. मागे एकदा तुम्ही इथेच घ्यायला आला होतात हा कारखाना. तू शाळेत होतीस. बोलायला हे होते." त्याने होयबा काकांकडे बोट केलं. "काय गोड बोलायचा हा माणूस! मी हो म्हणणार होतो. हो ओठांवर होतं. तेवढ्यात लांब शिट्टी झाली, हे उठले आणि गेले. म्हटलं ठीक आहे, नाटक आहे. आता छोटी, छोटी, लांब येईल. मी आत बसून वाट बघितली. आलीच नाही. दिवे लावायची वेळ झाली तरी नाही."

होयबा काकांची मान डोलायची थांबली. घरातल्या कोणी ती थांबलेली पाहिली नव्हती.

"मी तुझ्या फाटकाशी उभा होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज वापरात नसलेल्या कडीसारखा वाजला. "मीही तिचीच वाट बघत होतो. ती आलीच नाही. मला वाटलं, ताईला माझं बोलणं पसंत पडलं नाही."

आणि तेव्हा झरोक्यातून, शिट्टीतून नव्हे, गळ्यातून, फाटक्या कापडासारखा एक आवाज आला.

"फुंकली होती!"

सगळे झरोक्याकडे बघत राहिले. मग पलीकडे चपला सरकल्या. दोन कारखान्यांना आतून जोडणारं दार नव्हतं, त्यामुळे आत्याला आपल्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून यावं लागलं. चपलांचा आवाज लांब गेला आणि परत जवळ आला. आत्या दारात उभी राहिली ती धापा टाकत.

"फुंकली होती," ती पुन्हा खरखरली. "वाजली नाही. तुमची गोळी फुगली होती!"

"माझी गोळी?" बुचकाका स्टुलावरून उठला. "बाई, मला खडूस म्हणा, काहीही म्हणा. माझी गोळी फुगत नाही!"

"फुगली होती. मटाराची सुपारी झाली होती. शिट्टीत जागा नव्हती."

"फुगायला ती भिजली असली पाहिजे."

आत्या गळ्यातली शिट्टी चाचपू लागली.

"कशात भिजली?" बुचकाकाने विचारलं.

"चहात," आत्या म्हणाली. "थोडीशी."

"थोडीशी?"

"शिट्टीच कपात पडली. मी वाकून ऐकत होते. तुम्ही हो म्हणणार असं वाटलं, घाबरून लांब फुंकली आणि ती ओठांतून निसटली."

"माझी गोळी चहा प्यायला केलेली नाही!"

"मग दुसरी शिट्टी का नाही घेतलीत, आत्या?" धाकटीने विचारलं. "आपल्याकडे टोपल्यांनी असतात."

"होती ना टोपली!" आत्याचा आवाज निघेना, तरी ती काढत होती. "सगळ्या गोळीविना! गोळ्या यांच्याकडून यायच्या होत्या आणि यांनी उशीर केला होता! एकेक करून फुंकत बसले. नुसता वारा!"

बुचकाका आ वासून बघत राहिला. वहिनीने पदराने तोंड झाकलं, पण खांदे झाकता येईनात. दादाही हसू लागला, आणि आपल्याला हसायची परवानगी आहे का हे पाहायला वहिनीकडे वळला. नव्हती.

"आणि दुसऱ्या दिवशी?" बुचकाकाने विचारलं. "दुसऱ्या दिवशी सरळ येऊन बोलता आलं नसतं?"

"आधी परत येतो तो पडतं घेतो."

"हे कोणी सांगितलं?"

"मी," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती आपल्या शिकवणीवर फारशी खूश दिसली नाही. "तुम्ही का नाही आलात?"

"तुमच्याकडूनच शिकलो ना."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहेब वेळेवर आले होते.

बुचकाकाने कपड्यांवरचा भुसा झटकला. "भेटायला जायला हवं. वेळ दिली आहे मी. भल्या माणसाला रस्त्यात उभं करू नये." आणि तो दाराकडे चालू लागला.

आत्या बाजूला झाली. तिला अडवायचं असेल, पण आवाज संपला होता, आणि अडवलं तर पडतं घेतल्यासारखं झालं असतं. दादाने नाही म्हणावं असं खुद्द दादालाही वाटलं, पण ऐन वेळी त्याला ते आठवेना. होयबा काका दोन पावलं बुचकाकामागे जाऊन नुसते ओठ हलवत होते. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या ओठांवर शंभर वाक्यं होती, आणि ती बोलली असती तर ती सगळी एकदम बाहेर पडली असती.

तिने बुचकाकाच्या फळीवरची एक ताजी गोळी उचलली. तपासणीवाल्याच्या खिशात गोळी घालायची राहिलेली एखादी उघडी शिट्टी असतेच. गोळी आत टाकली, अंगठ्याने पत्रा दाबला आणि फुंकलं.

छोटी. छोटी. लांब.

एवढ्या वर्षांपूर्वी वाजायची राहिलेली ती शिट्टी खणखणीत वाजली. होयबा काका उभे होते तिथून, जणू फाटकाशीच उभे होते असे, गर्रकन वळून आत चालत आले आणि खोक्यावर बसले. बुचकाका उंबऱ्यावर थांबला. त्याने मान जराशी कलती केली.

"गोळी बरोबर बसली आहे," तो म्हणाला.

मग तोही वळला.

"देतो तुम्हाला. पण माझं स्टूल हलवायचं नाही," तो स्टुलावर बसत म्हणाला. "भिंतीला एक दार पाडायचं. बाईंना एवढा वळसा या वयात बरा नाही. आणि बोलणी इथून पुढे ही पोरगी करेल. मान्य?"

होयबा काकांनी मान डोलवली, आणि या वेळी त्यांना कोणी थांबवलं नाही. धाकटीने झरोक्याकडे पाहिलं. मग तिला आठवलं की आता तिथे कोणी नाही.

साहेबांना सांगायला वहिनी गेली. तिने त्यांना गाडीतून उतरू दिलं नाही. त्यांच्या गाडीचं मात्र तिने पुष्कळ कौतुक केलं.

डॉक्टरांना कळलं तेव्हा आत्याची बंदी महिन्याभराची झाली. भिंतीला दार पडलं, आणि त्यातून येणारा भुसा घरभर होऊ लागला. एका सकाळी आत्या माल भरायच्या खोलीत बसली होती. तिला बहुधा पलीकडे काय चाललंय ते जाणून घ्यायचं होतं, किंवा नुसतंच करमत नव्हतं. तिने दोन छोट्या शिट्ट्या दिल्या.

खिडकीपाशी धाकटी आपल्या टेबलाशी होती. तिने हात थांबवला.

दारापलीकडून, बुचकाकाच्या स्टुलाच्या बाजूने, उत्तरादाखल एकच छोटी शिट्टी आली.

त्या घरात आजवर कोणी मोठ्या आत्याला ती दिली नव्हती. धाकटीने माल भरायच्या खोलीत डोकावून आत्याकडे पाहिलं. आत्याचे गाल फुगले, कानापर्यंत लाल झाले. मग तिने शिट्टी ओठांतून काढली, मांडीवर ठेवली आणि, हसू येऊ नये म्हणून खिडकीबाहेर बघत, गप्प बसली.